एका फेऱ्याला किती थेंब

महिपतरावांचा ट्रक उभा राहिला की पुढच्या दोन चाकांच्या मधोमध जमिनीवर तेलाचा डाग पडायचा. १९५४ च्या जानेवारीत मी तो पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिला तेव्हा तळहाताएवढा होता. दोन आठवड्यांत तो ताटाएवढा झाला.

मी तेव्हा ठाण्यात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्याला वर्षही झालं नव्हतं. महिपतराव खोपटला आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, लढाईत ब्रह्मदेशात लष्कराचे ट्रक चालवून आलेले. तिथे त्यांच्या डाव्या खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. तुकडा काढला, पण हात छातीच्या वर जाईना आणि त्यात जोरही राहिला नाही.

असा माणूस सहाचाकी ट्रक चालवत होता, तो त्या ट्रकच्या गुणामुळे. ट्रक अमेरिकन होता. लढाईनंतर कल्याणच्या छावणीतलं सामान लिलावात निघालं, तेव्हा महिपतरावांचे मालक, मिठागरवाले काळुरामशेट, ह्यांनी तो घेतला. ह्या ट्रकचं स्टिअरिंग हाताच्या बळावर चालत नसे. चालकाने ते वळवलं की इंजिनावर फिरणारा एक पंप तेल दाबून एका नळकांड्यात सोडायचा, आणि त्या तेलाच्या रेट्याने नळकांड्यातून बाहेर आलेला लोखंडी दांडा पुढची चाकं ढकलायचा. चालकाने नुसता इशारा द्यायचा. ठाण्यात सगळे त्याला ‘पावर’ म्हणत. ती असली की महिपतराव एका उजव्या हाताने पाच टन मीठ घेऊन कल्याणला जात. ती गेली की दोन धट्टेकट्टे हात हवेत.

आणि आता ती गळत होती.

“शेट म्हनत्यात, पंपच काढून टाकू,” रखमावहिनी एके दिवशी आमच्या दारात येऊन म्हणाल्या. त्या महिपतरावांच्या पत्नी. “ट्रक बिनपावरचा बी चालतो. मंग वखारीतला दगडू चालवंल. त्याच्या तालमीतल्या दंडाला पावर कशाला पायजे?”

“आणि महिपतराव?”

“ह्यांना मिठाच्या ढिगावर राखण.” त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, रागाने नुसतं दार धरून ठेवलं. “ह्यो मानूस ढिगावर बसून काय करंल, शीला? कावळं हाकंल? तू येवढी शिकलीस. जरा बग तरी.”

यंत्रांचं मला काही कळत नव्हतं. पण तेल कुठून येतं हे शोधायचं तर यंत्र कळायलाच हवं असं नाही, असं मला वाटलं. रविवारी मी डब्यात कालवलेला चुना आणि एक कुंचला घेऊन काळुशेटच्या वखारीत गेले. वखार टेंभी नाक्याच्या पलीकडे होती.

काळुशेट पन्नाशीचे, इथले जुने आगरी. त्यांचे वडील दुसऱ्याच्या मिठागरात राबले होते. आता कोपरीच्या खाडीला ह्यांचं स्वतःचं मिठागर होतं. शेजारी कल्याणचा मिस्त्री पंढरी उकिडवा बसला होता. त्याच्या मते नळीचा सांधा गळत होता. त्याने तो आजवर तीनदा आवळला होता.

मी महिपतरावांना ट्रकच्या खालची सगळी बाजू रॉकेलने पुसायला सांगितली. मग स्वतः खाली सरकून नळ्या, सांधे, नळकांडं, सगळ्याला चुन्याचा पातळ हात दिला.

“आतापावत लोकांनी मना चुना लावला,” काळुशेट म्हणाले, “आता ही मास्तरीण माज्या गारीला लावतंय!”

“लगीन काढलंय वाटतं ट्रकचं,” पंढरी म्हणाला.

चुना वाळायला अर्धा तास लागला. मग महिपतरावांनी इंजिन चालू केलं आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन परत आणलं. ह्याला मी एक फेरा म्हणायचं ठरवलं. तिसऱ्या फेऱ्याला पांढऱ्या चुन्यावर एक काळपट रेघ उमटली. ती सांध्यापासून निघत नव्हती. दांडा नळकांड्यातून जिथे बाहेर येतो, त्या तोंडाशी ती सुरू होत होती. तेल तिथून नळकांड्याच्या पोटावरून वाहत सांध्यापर्यंत येत होतं आणि तिथून टिपकत होतं. एका फेऱ्याला सहा थेंब.

पंढरीने आडवं होऊन पाहिलं आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. “च्यायला,” तो म्हणाला. “सांधा उगाच आवळला मी.”

त्या तोंडाशी रबराच्या दोन कड्या होत्या. दांडा त्यांच्यातून आतबाहेर सरकायचा आणि कड्या तेल अडवून धरायच्या. मूळच्या अमेरिकन कड्या एका वर्षातच फुगून फाटल्या होत्या. तेव्हापासून पंढरी ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कड्या कापून घालत होता. दांडाही चांगला नव्हता. मिठाच्या खाऱ्या हवेने त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले होते, आणि ते कड्यांना किसणीसारखे खात होते.

“मूळच्या कड्या वर्षात कशा गेल्या?” मी विचारलं. “अमेरिकेत काय दरवर्षी बदलतात?”

काळुशेट आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेलं एक पुस्तक घेऊन आले. ट्रकबरोबर मिळालेलं. दर दसऱ्याला हत्यारांबरोबर त्याची पूजा व्हायची. हळदकुंकवाने पानं चिकटली होती. आजवर ते कुणी उघडलं नव्हतं, कारण इंग्रजी कुणाला येत नव्हतं आणि पूजेतली वस्तू उगाच कोण हाताळणार? मी नखाने एकेक पान सोडवलं. एकविसाव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: स्टिअरिंगच्या टाकीत पातळ खनिज तेल घालावं, ब्रेकचं तेल कदापि घालू नये.

मी टाकीचं झाकण काढून वास घेतला. लहानपणी आई नाक दाबून पाजायची तोच वास. एरंडेल. त्या काळी ब्रेकचं तेल एरंडेलात स्पिरिट मिसळून करत.

“महिपतराव, ह्यात ब्रेकचं तेल घालता तुम्ही?”

“व्हय. पयल्यापास्नं.” ते गोंधळले. “फौजेत ब्रेकच्या डब्यावर ‘हैड्रोलिक’ लिवल्यालं असायचं. तेवढा येक शबुद मला वाचाया येतो. ह्या टाकीवर बी त्योच लिवलाय. म्हनलं, नाव येक तर तेल येक.”

टाकीवर खरोखरच तो शब्द होता. तेलाच्या दाबाने चालणाऱ्या कशालाही तो लावतात, ब्रेकला आणि स्टिअरिंगलाही. त्यांची चूक मला चूक वाटेना. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

आता उपाय सरळ दिसत होता. दांडा बारीक पॉलिशपेपरने घासायचा, पंढरीने ट्यूबच्या नव्या कड्या घालायच्या, आणि टाकी धुऊन योग्य तेल भरायचं. तेल काळुशेटनी ओळखीच्या कापडगिरणीतून आणलं. सूत कातणाऱ्या चात्यांना घालतात ते पातळ, पाण्यासारखं स्वच्छ खनिज तेल. सोमवारी संध्याकाळी एका फेऱ्याला एक थेंब पडला. मी घरी जाऊन आईला सांगितलं की झालं काम.

शुक्रवारी एका फेऱ्याला चौदा थेंब पडत होते.

कल्याणहून येताना टाकी अर्ध्या वाटेत रिकामी झाली. मुंब्र्याच्या वळणावर पावर गेली आणि महिपतरावांना स्टिअरिंगवर छाती टाकून ट्रक वळवावा लागला. ट्रक रस्ता सोडून चिखलात उतरला. कुणाला लागलं नाही, पण ओढून काढायला दोन तास गेले.

मी वखारीत पोहोचले तेव्हा काळुशेट ओरडत नव्हते. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“बाय, तुजा काय दोस नाय,” ते म्हणाले. “तू पोथी वाचून केलंस. पन ती पोथी अमेरिकेची, गारी आता आमची झाली. पुढल्या आयतवारी पंढरी पंप काढील. दगडू चालवील. महिपत, तुला मी सोडीत नाय. ढिगावर रव्हशील.”

महिपतराव उजव्या हाताने डावा हात धरून उभे होते. “जी,” एवढंच म्हणाले.

मी पंढरीकडून त्या चार दिवसांच्या कड्या मागून घेतल्या. त्या बोटांत धरल्या तर भिजलेल्या पावासारख्या लागत होत्या. मग एक न वापरलेली कडीही घेतली आणि सोमवारी सगळ्या शाळेत नेल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत चार बाटल्या मांडल्या: गिरणीचं तेल, ब्रेकचं तेल, नुसतं एरंडेल, खोबरेल. प्रत्येकीत ट्यूबच्या रबराचा सारखा तुकडा, चार मिलिमीटर जाडीचा. दुसऱ्या दिवशी सगळे काढून मोजले. एरंडेलातला आणि ब्रेकच्या तेलातला तुकडा होता तसाच होता. खोबरेलातला थोडा फुगला होता. गिरणीच्या तेलातला साडेपाच मिलिमीटर झाला होता आणि नखाने कुरतडता येत होता.

तेव्हा मला उमगलं. अमेरिकन कड्या कसल्यातरी कृत्रिम रबराच्या होत्या. त्यांना खनिज तेल चालायचं, ब्रेकचं चालत नसे. महिपतरावांनी ब्रेकचं तेल घातलं, त्या गेल्या. मग पंढरीने झाडाच्या चिकापासून केलेल्या साध्या रबराच्या कड्या घातल्या. त्यांचं बरोबर उलट. त्यांना ब्रेकचंच तेल मानवत होतं. दोन चुका पाच वर्षं एकमेकींना सांभाळून होत्या. मी त्यातली एकच दुरुस्त केली होती.

पुन्हा ब्रेकचं तेल भरावं तर पंपात त्याचा चिकट साका धरलेला मी टाकी धुताना पाहिला होता. पंप फार दिवस टिकला नसता. अमेरिकन रबर मिळणं अशक्य. रविवारला चार दिवस उरले होते.

बुधवारी सकाळी मी हे सांगायला शेजारी गेले. महिपतराव बाहेर पडले होते. रखमावहिनी स्टोव्हशी झगडत होत्या. पंप मारला तरी हवा भरत नव्हती.

“सांग, ऐकतीय मी,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पंपाची दांडी बाहेर ओढली. तिच्या टोकाला चामड्याचा छोटा वाटीसारखा वायसर होता, सुकून आक्रसलेला. त्यांनी त्यावर तेलाचा थेंब टाकला, अंगठ्याने वाटीची कड बाहेर फाकवली, दांडी परत आत घातली आणि दोनदा मारली. स्टोव्ह फुरफुरला.

“वहिनी, हा वायसर किती वर्षांचा?”

“स्टोव्ह घेतला तवापासूनचा. सहा वर्सं झाली.”

“घासलेटात राहून फुगला नाही?”

“कातडं कशाला फुगतंय?” त्या म्हणाल्या. “आता सुकलं तर सुकतंय. अगं, कुठं निघालीस? च्या टाकलाय!”

घासलेट हे खनिज तेलच. मी शाळेत पाचवी बाटली मांडली, तिच्यात जुन्या चपलेचा तुकडा घातला आणि वर्गावर गेले. गुरुवारी तो काढून मोजला. एका केसाचाही फरक नव्हता.

टेंभी नाक्याला सहदेव नावाचे चर्मकार बसायचे. साठीचे असतील. महिपतरावांनी आणि मी त्यांच्यासमोर दांड्याच्या जाडीची लाकडी खुंटी ठेवली आणि काय हवं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, मग एकच प्रश्न विचारला.

“तेल कुठल्या बाजूनं येतं?”

“आतून.”

“मग वाटीचा ओठ आत पाहिजे. तेलानंच ओठ दाबला पाहिजे दांड्यावर. उलटा बसवाल तर काही उपयोग नाही.”

पुस्तकात हे वाक्य असतं तर मी खाली रेघ ओढली असती. सहदेवांनी बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्यातून पाठीचा भाग निवडला. पोटाचं ताणतं, म्हणाले. तो पाण्यात भिजवून खुंटीवर ठोकून वाटीचा आकार दिला आणि दोरीने आवळून सावलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो गरम मेणात आणि तेलात बुडवून दिला. असे दोन.

“पहिल्यांदा दाद देणार नाही,” त्यांनी बजावलं. “नवी वहाण आहे ती. चावणार. म्हणून फेकून देऊ नका.”

शनिवारी मिठागरावरच ट्रकशेजारी पंढरीने वायसर हातात घेऊन उलटसुलट पाहिले. “काय ताई, चुना झाला, आता ट्रकला चपला?”

“तुज्या ट्यूबपरीस बऱ्या,” महिपतराव म्हणाले.

“माझ्या ट्यूबनं पाच वर्षं पोसलं तुला!”

“त्ये बी खरं हाय. बसव आता. ओठ आत.”

पंढरी टोमणे मारत होता, पण काम त्याने फार निगुतीने केलं. दांडा पुन्हा घासला, खड्ड्यांच्या कडा नखाला लागेनात इतका. वायसर ओठ न दुमडता आत सरकवायला त्याने पोस्टकार्डाची गुंडाळी केली आणि तिच्यावरून ते अलगद आत लोटले. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी सकाळी मिठाने भरलेला ट्रक कोपरीच्या मिठागरावर उभा होता. पंप काढण्याआधी एक संधी द्यायला काळुशेट तयार झाले होते, पण अट त्यांची: बांधावरून बाहेर पडायचं ते भरल्या ट्रकने. तिथे बांध काटकोनात वळतो. वाट जेमतेम ट्रकाएवढी, दोन्ही बाजूंना पाणी. मागेपुढे करत तीन वेळा स्टिअरिंग पूर्ण फिरवावं लागतं. दगडू बंडीची बटणं सोडून बांधावर उभा होता. पंढरीची पान्यांची पिशवी उघडीच होती.

“आदी हितंच फिरव,” काळुशेट म्हणाले. मी पुढच्या चाकांजवळ गुडघ्यावर बसले. खाली पत्र्याचा तुकडा ठेवला होता, थेंब मोजायला.

पहिला फेरा. अकरा थेंब.

काळुशेटना आकडा सांगावा लागला नाही. पत्र्यावरचा आवाज त्यांना ऐकू येत होता. त्यांनी दगडूला हाताने खूण केली. दगडू निघाला.

“मालक,” महिपतराव वरून म्हणाले. “वहाण घ्येऊन दुकानाच्या पायरीवरच परत करता व्हय? चार पावलं चालू द्या की.”

“चार पावलात माजी गारी पान्यात जायाची!”

“हितंच फिरवतो. जाग्यावर. म्या कुटं जातोय?”

काळुशेट थांबले. दगडूही थांबला. महिपतराव आतापर्यंत कुठल्याही मालकासमोर इतकं बोलले नसावेत. ते उत्तराची वाट न पाहता स्टिअरिंग फिरवू लागले, सावकाश, टोकाला नेऊन न रेटता.

दुसऱ्या फेऱ्याला अकराच. तिसऱ्याला नऊ. मी आकडे मोठ्याने म्हणू लागले. पाचव्याला नऊ, आठव्याला सहा. तिथे तो अडकला. सहा, सहा, सात, सहा. पंढरी माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्यानेही मोजायला सुरुवात केली. बाराव्या फेऱ्याला त्याने नळकांड्याच्या तोंडावर हात ठेवला.

“गरम झालंय,” तो म्हणाला. “मेण मऊ झालं असणार. महिपत, फिरव रे!”

तेराव्याला चार. पंधराव्याला दोन. सोळाव्याला एक थेंब वायसराच्या कडेशी जमला, लोंबला, आणि पडलाच नाही. सतरावा, अठरावा, एकोणिसावा. पंढरीने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आकडा म्हणायला काही नव्हतं.

“थांबलं का सांगता का न्हाई?” महिपतरावांचा आवाज आला.

“थांबलं,” मी म्हणाले.

काळुशेट धोतर सावरत स्वतः खाली आले. त्यांनी दांड्यावर बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. “ओलं हाय.”

“ओलं असायलाच हवं,” मी म्हणाले. “कोरडं पडलं तर कातडं जळेल. गळायला नको, एवढंच.”

त्यांनी बोट मांडीला पुसलं. बांधाच्या वळणाकडे पाहिलं, मग केबिनकडे. “हाक,” ते म्हणाले.

भरलेला ट्रक बांधावरून निघाला. वळणाशी महिपतरावांनी तो थांबवला, मागे घेतला, पुढे काढला, पुन्हा मागे. प्रत्येक वेळी गिअर बदलताना उजवा हात स्टिअरिंगवरून सुटे, आणि तेवढा क्षण ते डाव्या हाताच्या दोन बोटांनी स्टिअरिंग धरून ठेवत. तेवढं त्या हाताला जमत होतं. बाहेरचं मागचं चाक बांधाच्या कडेवरून गेलं तेव्हा मातीची ढेकळं पाण्यात पडली. काळुशेट “आय एकवीरे” असं काहीतरी पुटपुटले. मग ट्रक वळणातून सरळ झाला आणि पक्क्या रस्त्यावर चढला.

आम्ही सगळे मागून चालत गेलो. महिपतरावांनी इंजिन बंद केलं नव्हतं. पंढरीने खाली वाकून पाहिलं आणि पान्यांची पिशवी बांधायला घेतली.

“दगडू,” काळुशेट म्हणाले, “तू महिपतसंगं जा. कल्यानला गोनी उतरायला मानूस लागंल.”

“आन् चालवायला?” दगडूने विचारलं.

“चालवायला मानूस हाय ना.” ते माझ्याकडे वळले. “मास्तरीणबाय, सहदेवाला सांग, अजून दोन जोड करून ठेव. आन् त्याला म्हनावं, घेऊन तू नको येव. मीच येतंय न्यायला.”

दगडू दुसऱ्या बाजूने केबिनमध्ये चढला. महिपतराव खिडकीतून वाकले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“शीलाताई, घरी सांगा, जेवायला वाट बगू नगा. कल्याण करून येतो.”

मी चालत खोपटला आले. रखमावहिनी ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत, नुसतं हातातली जुडी तशीच धरून थांबल्या.

“कल्याणला गेलेत,” मी सांगितलं. “उशीर होईल म्हणाले.”

“ट्रक घ्येऊन?”

“ट्रक घेऊन.”

त्यांनी जुडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि निवडून झालेल्या देठांतूनच पानं शोधू लागल्या.